रेशमाचा चहाडखोर

माझ्या उजव्या गुडघ्याच्या थोडं वर, आतल्या बाजूला, रक्तवाहिनीला बिलगून काही महिने रेशमाचा एक तुकडा राहत होता. नखाएवढा. त्याला सेल नव्हता, वायर नव्हती, चार्जिंगची भानगड नव्हती. माझ्या नाडीचा ठोका पडला की तो ताणला जायचा, ताणला गेला की त्यात चिमूटभर वीज तयार व्हायची, आणि त्या विजेवरून इंदूरला बसलेल्या माणसांना कळायचं की माझ्या पायात रक्त नीट पोचतंय की नाही. आता तो नाही. कोणी कापून काढला नाही. काम झालं आणि तो आतल्या आत विरघळून गेला.

हे सांगताना आजही अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नाही. मी उज्जैनच्या एका हिंदी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. ऊर्जेचं रूप बदलतं हे मी इतक्या मुलींकडून घोकून घेतलंय की झोपेतही म्हणेन. पण ते रूप माझ्याच मांडीत, माझ्याच रक्ताच्या जोरावर बदलेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तर ज्यांना डॉक्टरांनी "पायाची नस बंद आहे" असं सांगितलंय आणि जे घरी येऊन भिंतीकडे बघत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गंमत पुढे आहे. आधी दुखणं.

साड्यांची दुकानं

आम्ही फ्रीगंजात राहतो, टावर चौकाच्या जवळच. संध्याकाळी मी आणि हे फिरायला निघायचो. हे म्हणजे माझे यजमान, बँकेतून रिटायर झालेले, बोलणं मोजूनमापून. थोडं चाललं की माझी उजवी पोटरी आवळून यायची, कोणी पिळून काढल्यासारखी. उभं राहिलं की सुटायची. परत चाललं की परत.

आता भर रस्त्यात "मला चालवत नाही" हे कोण कबूल करणार? निदान मी तरी नाही. मी साड्यांच्या दुकानासमोर थांबायला लागले. काचेतली साडी निरखून बघायची, तोवर पोटरी सुटायची.

"घ्यायची का?" हे विचारायचे.

"नाही हो, नुसती बघतेय."

असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. मग माझ्या वाढदिवसाला ह्यांनी एक खोकं पुढे केलं. आत पोपटी रंगाची साडी. असला भडक पोपटी की डोळे मिटावेत. "रोज तिच्यासमोर थांबतेस," म्हणाले, "म्हटलं मनात भरली असेल."

मी रडायलाच लागले. साडी मांडीवर घेऊन सगळं सांगून टाकलं, पोटरीचं, थांबण्याचं, आणि चपलेच्या अंगठ्याने झालेल्या त्या बारीक जखमेचं, जी महिना उलटला तरी भरत नव्हती. मला शुगर आहे आणि शुगरवाल्याने पायाची जखम लपवायची नसते, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पायालाही नाडी असते

दुसऱ्याच दिवशी हे मला आमच्या इथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आधी जखम बघितली, मग माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. बोटं हलवली. घोट्यामागे गेली. परत वर आली. तेवढ्या वेळात त्यांनी मला कोणत्या शाळेत होतात, घरी कोण कोण असतं, सगळं विचारून घेतलं. डॉक्टर एवढ्या गप्पा मारायला लागला की समजावं.

"बहनजी, यहाँ पल्स नहीं मिल रही."

इतकी वर्षं विज्ञान शिकवून मला हे माहीत नव्हतं की पावलावर नाडी बघतात. तुम्हालाही माहीत नसेल, तर आत्ता वाचणं थांबवा आणि आपल्या पावलावर बोटं ठेवून बघा. अंगठ्याच्या रेषेत, पावलाच्या उंचवट्यावर. हळूच.

तिथून इंदूरला एका मोठ्या हॉस्पिटलात. तिथे रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. डाव्या पायात नदीसारखी खाली जाणारी रेघ होती आणि उजव्या पायात ती मांडीपर्यंत येऊन संपत होती. तिथले सर्जन शांत माणूस. म्हणाले, तुमच्याच पायातली एक शीर घेऊन रक्ताला नवी वाट काढून देऊ. बायपास, जसा गावाबाहेरून रस्ता काढतात तसा. मी विचारलं, आणि नाही केलं तर? म्हणाले, ही जखम भरणार नाही, मग अंगठा जाईल, मग...

ते थांबले. वाक्य मी पूर्ण केलं. "पैर."

"हाँ, मैडम."

त्या वेळी मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला मरणाची भीती नाही वाटली. एका पायाची बाई होण्याची वाटली. टावर चौकातून कुबड्यांवर जाणारी मी मला दिसली आणि माझ्या जुन्या विद्यार्थिनी रस्ता ओलांडून "मैडम नमस्ते" म्हणायला येताना दिसल्या. घरी परतताना सांवेरला ह्यांनी चहासाठी गाडी थांबवली. दोन कप आणले आणि दोन्ही तसेच गार झाले.

लायटर

पुढच्या भेटीत सर्जन म्हणाले, ह्या नव्या वाटेचीही एक खोड असते. सुरुवातीच्या महिन्यांत ती मधेच अरुंद व्हायला लागते आणि पेशंटला काही कळत नाही. कळतं तेव्हा पाय गार पडलेला असतो. म्हणून आमच्याकडे एक नवीन तपासणी चाललीय, अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, तुमची इच्छा असेल तरच. आणि त्यांनी नेहाला बोलावलं.

नेहा इंजिनियर, इंदूरचीच, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींच्या वयाची. तिने काचेच्या डबीतून तो पारदर्शक तुकडा दाखवला. रेशमातल्या द्रव्याची फिल्म. रक्तवाहिनीभोवती गुंडाळायची. ठोक्यागणिक वीज. बाहेरून मांडीला पट्टा बांधायचा, तो आतला इशारा टिपणार आणि फोनवर पाठवणार. काही महिन्यांत फिल्म अंगात जिरून जाणार, काढायला दुसरं ऑपरेशन नाही.

मी तपासणीच्या टेबलावरून उडी मारायचीच बाकी होती. तिला इतके प्रश्न विचारले की ती खुर्ची ओढून बसली. दाब कमी झाला तर लाट लहान होणार का? आणि मी चालत असले की? थोड्या वेळाने आम्ही दोघी कागदावर आकृत्या काढत होतो आणि पाय कापला जाऊ शकतो हे मी साफ विसरले होते. त्या दुखण्यात माझ्यावर झालेली ही पहिली कृपा.

ह्यांना मात्र ते मुळीच पटलं नाही. घरी आल्यावर दार लावलं आणि म्हणाले, "प्रयोग तुझ्यावरच कशाला? साधं ऑपरेशन कर ना, बस. एवढे दुसरे लोक आहेत."

"दुसऱ्या लोकांनी पण असंच म्हटलं तर?"

"तुला काय, तू आत झोपलेली असशील. बाहेर बाकड्यावर मी बसणार आहे." आवाज चढला होता. ह्यांचा आवाज मी फार कमी वेळा चढलेला ऐकलाय. "तुला तर मजा वाटतेय, सुनंदा. मजा!"

खरं होतं. मला मजा वाटत होती. आणि त्यांना ती सहन होत नव्हती. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज.

तोड काढली सासूबाईंनी. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून. त्यांचं सोवळं अजून कडक आहे. सकाळी रेशमी पातळ नेसून देवघरात शिरल्या की बाहेर येईपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. नातवानेसुद्धा नाही, पाहुण्यानेसुद्धा नाही. त्यांना मी स्वयंपाकघरात गॅसचा लायटर घेऊन समजावलं. "हे बघा आई, ह्याच्यात सेल नाही. तरी खटका दाबला की ठिणगी पडते की नाही? दाबाची वीज होते. तसंच आहे हे."

"म्हणजे तुझ्या पायात ठिणग्या पडणार?"

"नाही हो आई. अगदी एवढीशी वीज. मुंगीला पण कळायची नाही."

त्या जरा वेळ लायटरकडे बघत राहिल्या. "आणि आहे कशाचं ते?"

"रेशमाचं."

"असली रेशीम? खरंखुरं?"

"असली."

"मग भानगड कशाची चाललीय घरात?" त्यांनी हाक मारून ह्यांना बोलावलं. "अरे, रेशीम आहे ते. सोवळ्यातलं. सुती असतं तर मी पण विचार केला असता. जाऊ दे तिला."

ह्यांना हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसले आणि संमतीच्या कागदावर माझ्या सहीखाली सही केली.

लाट

हॉस्पिटलचे दिवस सगळीकडे सारखेच. पहाटे रक्त घ्यायला येणारी सिस्टर, "खाना आया?" विचारणारी मावशी, दोन पलंगांमधल्या पडद्याचा आवाज. ऑपरेशननंतरची पहिली रात्र मला आठवत नाही आणि दुसरी आठवावीशी वाटत नाही. पाय जड, जांघेपासून घोट्यापर्यंत टाके, आणि प्रत्येक वेळी चादर वर करून मी आधी बोटं मोजायचे. पाचही आहेत ना.

मग नेहा पट्टा घेऊन आली. मांडीला बांधला, टॅबलेट माझ्या समोर धरला. पडदा कोरा. मी श्वास रोखला. ती म्हणाली, "मैडम, साँस लीजिए, नहीं तो वो भी क्या करेगा."

आणि रेघ उठली. एक उंचवटा. मग दुसरा. मग धाडधाड एकामागून एक. माझा ठोका, माझी वीज, माझ्या रक्ताने लिहिलेली रेघ! मी इतक्या जोरात "आली!" म्हणून ओरडले की शेजारच्या पलंगावरच्या आजी दचकून उठल्या. मग त्यांच्या नातेवाइकांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या पलीकडच्यांनाही. मावशी झाडू धरून ऐकत उभी राहिली. सर्जन राउंडला आले तेव्हा मी लायटरपर्यंत पोचले होते.

"मैडम, क्लास बाद में लीजिएगा. पहले टाँके देख लें?"

घरी सोडताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, पालथी मारायची नाही, म्हणजे मांडी घालायची नाही. गुडघा पूर्ण दुमडला की नवी वाट मुडपते. खुर्चीवरच बसायचं. दुसरी गोष्ट त्यांनी ह्यांना शिकवली. ह्यांची बोटं माझ्या पावलावर ठेवून ठोका शोधायला लावला आणि सापडला तिथे पेनाने टिंब काढलं. "रोज देखिए. मशीन तो एक दिन घुल जाएगी, उँगलियाँ तो रहेंगी."

घरी पहिल्याच सकाळी सासूबाईंनी ते बघितलं. "काय रे हे? बायकोच्या पायाला हात लावतोस? तिला पाप चढवतोस?"

"आई, नाडी बघतोय."

"नाडी हाताची बघतात."

सासूबाईंशी वाद घालून कोणी जिंकलंय का? मग हे त्या देवघरात असतानाच बघून घ्यायचे. घंटी वाजली की पटकन बोटं ठेवायची, आरती संपायच्या आत उचलायची.

पाय कुठे आहेत

आता मी काय पराक्रम केला ते ऐका.

घरी येऊन थोडेच दिवस झाले आणि नेहाचा फोन. सकाळी नाश्त्याच्या वेळी आणि संध्याकाळी चहाच्या वेळी लाट अचानक बारीक होतेय. थोड्या वेळाने आपोआप ठीक होते. असं का?

"मैडम, आप नीचे तो नहीं बैठतीं?"

"बिल्कुल नहीं. कुर्सी पर ही बैठती हूँ." आणि हे शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी तर सर्जन स्वतः फोनवर. तपासायला या म्हणाले. मी घाबरले. गेलो, तपासलं, सगळं ठणठणीत. घरी आलो, चहा घेतला, लाट पुन्हा बारीक! नेहाने व्हिडिओ कॉल लावला.

"मैडम, अभी कहाँ बैठी हैं?"

"कुर्सी पर."

"और पैर?"

"पैर भी कुर्सी पर."

मग तिने मला फोन खाली करायला लावला आणि किंचाळली. मी खुर्चीवर बसले होते, पण मांडी घालून. आयुष्यभर तशीच बसत आलेय. स्टाफरूममध्ये तशी, बसमध्ये तशी, डॉक्टरांनी "खुर्चीवर बसा" सांगितलं तेव्हा इंदूरच्या खुर्चीवरही बहुतेक तशीच. बिचाऱ्या डॉक्टरांना काय माहीत की आमच्यात खुर्ची म्हणजे फक्त उंचावरचा पाट!

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं चहाडखोर. मी जरा पाय वर घेतला की हा इंदूरला चुगली करायचा. फोन वाजला की हे वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "मांडी." सासूबाई देवघरातून, जप न मोडता नुसत्या घंटी आपटायच्या. मी ओरडायचे, कुरकुरायचे, पण खरं सांगू? मला त्याचं फार कौतुक होतं. माझ्यावर इतकं बारीक लक्ष आजवर माझ्या मुख्याध्यापिकेनेही ठेवलं नव्हतं. अंगठ्याची जखमही भरत आली होती. मी टावर चौकातून एकदाही न थांबता चालून आले आणि त्या साडीच्या दुकानाला वाकुल्या दाखवल्या.

दोन्ही पाय जमिनीवर

श्रावणातला सोमवार होता. ह्यांचा आणि सासूबाईंचा उपास, माझी पोळीभाजी. मी टेबलाशी बसले होते. फोन वाजला.

"मांडी सोड गं!" सासूबाई स्वयंपाकघरातून.

"मांडी," हे.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. शहाण्या मुलीसारखे, जवळ जवळ ठेवलेले.

नेहाची हाक त्याच सुरात आली. "मैडम, पैर नीचे कीजिए ना, प्लीज़."

"नीचे ही हैं."

"मैडम..."

"नेहा, दोनों पैर ज़मीन पर हैं."

ह्यांनी टेबलक्लॉथ वर करून खाली बघितलं. मग वर माझ्याकडे बघितलं. मला काहीही होत नव्हतं. पोटरी दुखत नव्हती, पाय गार नव्हता, मी मजेत जेवत होते. हेच सगळ्यात भयंकर होतं. सर्जन म्हणाले होते ना, पेशंटला कळतच नाही. पोळीचा घास हातात तसाच राहिला.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर हे खाली बसले, माझं पाऊल हातात घेतलं, टिंबावर बोटं ठेवली. सकाळी तिथेच ठोका होता. आता हे बोटं दाबत होते, सरकवत होते, परत आणत होते.

"लागत नाहीये, सुनंदा."

त्या दिवशी महाकालची सवारी, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, अर्धं शहर जुन्या भागाकडे लोटलेलं. नशीब की फ्रीगंजातून नानाखेड्यावरून इंदूरचा रस्ता मोकळा होता. गाडीत मी फोन मांडीवर ठेवून ती रेघ बघत बसले. लहान लहान उंचवटे, टेकड्या जमिनीला टेकत चाललेल्या. देवाचं नाव घ्यायला गेले तर तोंडातून "चल, चल, चल" एवढंच निघत होतं. पाय जाणार, आता पाय जाणार, हे एकच डोक्यात.

सांवेर गेलं तेव्हा हे म्हणाले, "मी नको म्हणालो होतो."

"हो."

"बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

नव्या वाटेत एका जागी आवळ पडली होती. पूर्ण बंद व्हायला अजून अवकाश होता, पण फार नाही. ह्या वेळी चिरफाड नाही. जांघेतून बारीक तार घातली, तिच्या टोकाला फुगा, फुगा फुगवून जागा मोकळी करायची. मी जागी होते. नेहा काचेपलीकडे टॅबलेट धरून उभी, आणि मी मान वळवता येईल तेवढी वळवून तिच्याकडेच बघत होते. तिचा चेहरा बराच वेळ काही सांगेना. मग तिने टॅबलेट काचेला लावला. रेघ उठत होती. टेकडी, मग तिच्याहून मोठी टेकडी, मग पहिल्या दिवशीसारखी!

"आली! आली हो!" मी ओरडले.

"मैडम, हिलिए मत!" सर्जनही ओरडले. पण ते हसत होते, मास्कवरून कळत होतं. नंतर म्हणाले की फोन आला नसता तर तुम्ही पाय गार पडल्यावर आला असता, आणि तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, माहीत आहे, सांगू नका.

गेला

सांगितलं होतं तसंच झालं. काही आठवड्यांनी लाट हळूहळू, सगळीकडून सारखी फिकी व्हायला लागली. नेहाने आधीच समजावलं होतं की आवळ पडली की लाट एकदम पडते, फिल्म जिरायला लागली की अशी विझत जाते. तरी सोनोग्राफी केली. रक्त जोरात वाहत होतं, वाट मोकळी. चहाडखोर आपला निघाला होता.

शेवटी एक दिवस रेघ सपाट झाली. मी पट्टा सोडला, धुऊन वाळत घातला, आणि मला अगदी करमेना. मी खुर्चीवर मुद्दाम मांडी घातली. कोणाचाही फोन आला नाही. पटकन पाय खाली सोडले. आता माझ्या पायात काय चाललंय ते मला सांगणारं कोणी नव्हतं, आणि हे कबूल करते की त्या दिवशी मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपेक्षा जास्त भीती वाटली.

त्याच आठवड्यात ह्यांना पुण्याला लग्नाला जावं लागलं. जाताना सतरा वेळा बजावून गेले, रोज नाडी बघ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसले होते, स्वतःच्या पावलापर्यंत वाकायला पोट आडवं येत होतं, आणि देवघरातली घंटी थांबली. सासूबाई बाहेर आल्या. सोवळ्यातच, रेशमी पातळात, बोटांना गंध. मी सवयीने अंग चोरून वाट दिली. त्या पुढे गेल्या नाहीत. बाजूचं स्टूल ओढलं, गुडघे धरून कशाबशा टेकल्या.

"पाय दे इकडे."

"आई! अहो, काय करताय? सोवळ्यात आहात तुम्ही. आणि माझ्या पायाला हात... मला कुठे फेडायला लावताय हे?"

"गप बस. पाया नाही पडत तुझ्या, नाडी बघतेय."

"मी बघते ना माझी मी."

"तुझा भरोसा नाही. तू मास्तरीण. नसलेला ठोका पण आहे म्हणून शिकवून टाकशील."

त्यांनी पाऊल मांडीवर घेतलं, त्या रेशमावर. टिंब केव्हाच पुसलं होतं. गार, ओली बोटं माझ्या पावलावरून फिरायला लागली. मी म्हटलं, थोडं डावीकडे. त्यांनी डोळे वटारले. बोटं थांबली, सरकली, परत थांबली. त्या डोळे मिटून बसल्या, जपाला बसतात तशा. कुकरची शिटी झाली तरी हलल्या नाहीत. माझ्याच छातीचा ठोका मला ऐकू यायला लागला.

"आहे गं," त्या म्हणाल्या. "चांगली उड्या मारतेय."

तरी त्यांनी बोटं उचलली नाहीत. मीही पाय काढून घेतला नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मग त्यांनी डोळे उघडले.

"आता मला हात दे. बसले खरी, उठवत नाहीये."

मी दोन्ही पायांवर उभी राहिले आणि त्यांना उठवलं.